विकतचा प्रकल्प की हातचे कसब?

शाळा-कॉलेजांत प्रकल्प जमा करण्याचे दिवस जवळ आले की झेरॉक्सच्या आणि कॉम्प्युटरच्या दुकानांवर एक पाटी हमखास दिसू लागते : 'येथे सर्व प्रकारचे प्रोजेक्ट तयार करून मिळतील.' पूर्वी या पाटीचा अर्थ पुठ्ठ्याची फाईल, चिकटवलेली चित्रे आणि टाईप केलेला मजकूर एवढाच होता. आता त्यात व्हिडिओची भर पडली आहे. मुलाने विषय सांगायचा, बापाने पैसे मोजायचे आणि दुसऱ्या दिवशी पाच मिनिटांची फिल्म पेनड्राइव्हवर किंवा डिस्कवर घेऊन जायची. दुकानदार खूश, मूल खूश, गुण मिळाले म्हणून बापही खूश. या व्यवहारात तोटा कोणाला झाला, हे मात्र कोणी विचारत नाही.

आमच्या मते तोटा मुलाचा होतो आणि त्याच्यामागोमाग त्याच्या कारागीर बापाचाही होतो. जो बाप आपल्या मुलाला तुटलेला धागा सांधता येईपर्यंत मागावर बसू देत नाही, जो दर्जी काजे-बटणे नीट जमेपर्यंत शागिर्दाच्या हाती कात्री देत नाही, तोच बाप शिक्षणाच्या बाबतीत मात्र तयार माल विकत घेऊन मोकळा होतो. तयार कपडा अंगावर चढवला म्हणून कोणी शिवणकाम शिकत नाही. विकतच्या प्रकल्पाचेही तसेच आहे. गुण हाती येतात, हुन्नर येत नाही. आणि व्हिडिओ जोडण्याचा हुन्नर आज असा आहे की, तो मुलाच्या हाती आला तर उद्या दुकानाच्या, कारखान्याच्या, किंबहुना संपूर्ण धंद्याच्या उपयोगी पडतो.

काम तेच, साधने बदलली

लग्नाच्या शूटिंगचा धंदा केलेल्या आपल्या अनेक बांधवांना जुने दिवस आठवत असतील. एका व्हीसीआरमध्ये मूळ कॅसेट आणि दुसऱ्यात कोरी. हवा तो प्रसंग आला की दुसऱ्यावर रेकॉर्डिंग सुरू करायचे, नको तो आला की थांबवायचे. यालाच धंद्यात 'मिक्सिंग' म्हणत. मध्येच काही राहून गेले तर बहुधा तिथून पुढचे सारे काम पुन्हा करावे लागे. शिवाय कॅसेटवरून कॅसेट आणि तिच्यावरून आणखी एक अशी प्रत निघत गेली की चित्र पुसट होत जाई. तरीही त्या दोन यंत्रांवर बसून कित्येकांनी आपले घर चालवले.

मालेगावच्या नासिर शेख यांचे उदाहरण तर आता दूरवर पोहोचले आहे. व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या या माणसाने व्हीसीआरवर जोडकाम करत संकलन आत्मसात केले आणि गावातले यंत्रमाग कामगार, लहान दुकानदार यांना सोबत घेऊन 'मालेगाव के शोले' काढला. पुढे 'मालेगाव का सुपरमॅन' तयार होत असताना फैजा अहमद खान यांनी त्यावर 'सुपरमेन ऑफ मालेगाव' हा माहितीपट केला. २०२५ साली याच माणसांच्या कहाणीवरचा रीमा कागती यांचा 'सुपरबॉईज ऑफ मालेगाव' हा चित्रपट देशभर प्रदर्शित झाला. महागडी यंत्रे नव्हती, तेव्हा सायकलवर कॅमेरा बसवून त्यांनी चालती दृश्ये घेतली आणि क्रेनच्या जागी बैलगाडी वापरली. या मंडळींना तयार माल विकायला कोणी बसले नव्हते. तो विकत मिळाला असता तर मालेगावचे नाव कोणी घेतले नसते, असे आम्हांस वाटते.

त्या मानाने आजच्या विद्यार्थ्याचे काम कितीतरी सोपे आहे. कॅमेरा मोबाईलमध्येच आहे. मिक्सिंगची दोन यंत्रे एका साध्या कॉम्प्युटरमध्ये सामावली आहेत. सॉफ्टवेअर फुकट मिळते. कमी आहे ती फक्त शिकवणाऱ्याची आणि बसून शिकण्याच्या सवयीची.

मापाची वही आणि कापड

व्हिडिओचे संकलन करणारे सॉफ्टवेअर म्हणजे काय, हे कारागिराला समजावून सांगणे मुळीच कठीण नाही. दर्जीच्या दुकानात दोन वस्तू असतात. एक गिऱ्हाइकाचे कापड आणि दुसरी मापाची वही. कॉम्प्युटरवर चित्रीकरणाच्या ज्या फायली असतात ते कापड होय. सॉफ्टवेअरमध्ये आपण जे जोडकाम करतो, म्हणजे हा तुकडा इथून इथपर्यंत घ्या, त्यानंतर तो लावा, आवाज एवढा ठेवा, ते सारे मापाच्या वहीत लिहिले जाते. या वहीला प्रोजेक्ट फाईल म्हणतात. खरे कापड इथे कापले जातच नाही. दहा वेळा कात्री चालवा आणि दहा वेळा मागे घ्या, मूळ चित्रीकरण शाबूत राहते. व्हीसीआरच्या काळात ही सोय नव्हती आणि नवशिक्याची भीती जाण्यासाठी एवढे एकच वाक्य त्याला आधी सांगितले पाहिजे.

पण याच सोयीत एक खड्डा आहे आणि बहुतेक विद्यार्थी पहिल्या खेपेला त्यातच पडतात. घरी काम पूर्ण करायचे, प्रोजेक्ट फाईल तेवढी पेनड्राइव्हवर घ्यायची आणि शाळेत जाऊन उघडायची. शाळेच्या कॉम्प्युटरवर चित्राच्या जागी 'फाईल सापडत नाही' अशी सूचना येते. कारण उघड आहे. मुलगा मापाची वही घेऊन गेला आणि कापड घरी ठेवून गेला. यावर उपाय दोन. पहिला, काम सुरू करतानाच एक फोल्डर करावे आणि त्या प्रकल्पाची सारी चित्रे, आवाज आणि प्रोजेक्ट फाईल त्यातच ठेवावी. न्यायचे तर पूर्ण फोल्डर न्यावे. दुसरा, काम संपल्यावर सॉफ्टवेअरमधून 'एक्स्पोर्ट' करून एक स्वतंत्र व्हिडिओ फाईल काढावी. हा शिवून तयार झालेला कपडा. तो कुठेही नेता येतो आणि त्यासोबत ना वही लागते ना थान.

जागेचा हिशेबही आधीच करावा. आजच्या साध्या मोबाईलवर फुल एचडी चित्रीकरणाला एका मिनिटाला साधारण शंभर ते सव्वाशे एमबी जागा लागते. पाच मिनिटांच्या फिल्मसाठी चाळीस मिनिटे चित्रीकरण केले तर चार-पाच जीबी झाले. एवढे एका लहान पेनड्राइव्हवर सहज मावते. तेव्हा महागडे सामान आणल्याशिवाय काम सुरूच होणार नाही, ही समजूत सोडून द्यावी.

कोणते सॉफ्टवेअर?

हा प्रश्न पालक सर्वांत आधी विचारतात, तो खरे तर सर्वांत शेवटी विचारायला हवा. २००० साली विंडोजसोबत 'मूव्ही मेकर' आले. हजारो विद्यार्थ्यांनी पहिला व्हिडिओ त्यावरच जोडला. २०१७ च्या जानेवारीत कंपनीने ते काढून घेतले. व्हिस्टा आणि विंडोज ७ मध्ये डीव्हीडी तयार करणारा 'डीव्हीडी मेकर' होता, २०१२ च्या विंडोज ८ मध्ये तो नव्हता. ज्या मुलांनी टिकटॉकवर छोटे व्हिडिओ जोडायची चांगली सवय केली होती, त्यांचे ते साधन २०२० च्या जून अखेरीस सरकारी बंदीमुळे एका रात्रीत गेले. ज्यांना फक्त बटणांची जागा पाठ होती ते रिकाम्या हाताने बसले. ज्यांना कापायचे कुठे आणि जोडायचे काय हे कळत होते, ते आठवडाभरात दुसऱ्या साधनावर कामाला लागले. हातमागावर शिकलेला विणकर यंत्रमागावर जाऊ शकतो, कारण ताणा-बाणा त्याला माहीत असतो. इथेही तसेच आहे.

तरीही नावे हवीत म्हणून सांगतो. विंडोज ११ असलेल्या कॉम्प्युटरवर 'क्लिपचॅम्प' आधीच असते, सुरुवातीला ते पुरेसे आहे. अॅपलच्या कॉम्प्युटरवर 'आयमूव्ही' मिळते. 'ओपनशॉट', 'शॉटकट' आणि 'केडेनलाइव्ह' ही तिन्ही सॉफ्टवेअर मोफत आणि मुक्त स्वरूपाची आहेत, ती विंडोजवर चालतात आणि लिनक्सवरही. त्यांपैकी ओपनशॉट अगदी नवशिक्याला सोपे जाते. 'डाविंची रिझॉल्व्ह' हे व्यावसायिक दर्जाचे असून त्याचीही एक आवृत्ती मोफत आहे. परंतु त्याला जोरदार कॉम्प्युटर लागतो आणि नवशिक्याचा त्यात गोंधळ उडतो. यांपैकी कोणतेही एक घ्यावे आणि सहा महिने ते बदलू नये.

एक गोष्ट मात्र ठामपणे सांगतो. चोरीचे, म्हणजे ज्याला बाजारात 'क्रॅक' म्हणतात ते सॉफ्टवेअर मुलाच्या कॉम्प्युटरवर टाकू नये. त्यातून व्हायरस येतो हा एक भाग झाला. दुसरा भाग असा की, जी वस्तू सरळ मार्गाने फुकट मिळते ती आडमार्गाने आणण्याची सवय मुलाला लावण्यात काय शहाणपण आहे? वजनात मारणाऱ्याला आपण व्यापारी म्हणत नाही, मग मुलाला पहिल्याच धड्यात खोटे माप का द्यावे? चित्रपटाच्या गाण्याबाबतही हेच. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याने अभ्यासासाठी काही सवलती दिल्या आहेत, परंतु तोच व्हिडिओ उद्या दुकानाच्या जाहिरातीला वापरला तर ती सवलत लागू होत नाही. त्यापेक्षा कारखान्यातलाच आवाज घ्यावा. तो आपला आहे आणि त्याला कोणाची परवानगी लागत नाही.

विषय घरातच आहे

विद्यार्थ्यांचे विकतचे प्रकल्प पाहिले तर तीच ती चार-पाच नावे दिसतात : प्रदूषण, पाणी वाचवा, सौरमाला. चित्रे इंटरनेटवरची, आवाज कोणा तिसऱ्याचा. मुलाचे स्वतःचे त्यात काहीच नसते. आणि त्याच मुलाच्या घराखाली माग चालू असतो, आजोबा जरीकाम करत असतात, चुलते भट्टीवर पितळ ओतत असतात.

दादासाहेब फाळके यांनी १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आणला, हे सर्वांना ठाऊक आहे. त्याआधी त्यांनी कुंडीत वाटाणा पेरून, तो रोज थोडा थोडा टिपून, रोप कसे वाढते याची लहानशी फिल्म केली होती. भारतीय सिनेमाच्या जनकाची सुरुवात, आजच्या भाषेत बोलायचे तर, एका शालेय प्रकल्पाने झाली. घरातली कुंडी त्यांना पुरली. आपल्या मुलांना घरातला कारखाना का पुरू नये?

मिरजेचे उदाहरण घेऊ. तिथल्या सतारमेकर घराण्यांचे काम एकोणिसाव्या शतकापासून चालत आले आहे. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. भोपळा निवडणे, तो वाळवणे, लाकूड जोडणे, नक्षी करणे आणि शेवटी जवारी काढणे, एवढे टप्पे त्या कामात आहेत. जवारी म्हणजे घोडीचा माथा इतका बारीक घासायचा की तारेला तो भरदार, झंकारणारा स्वर यावा. कागदावर हे पन्नास ओळींत सांगितले तरी कळत नाही. व्हिडिओत मात्र घासण्याआधीची तार एकदा ऐकवली, मग घासणारा हात दाखवला आणि लगेच नंतरची तार ऐकवली, की तीस सेकंदांत विषय स्पष्ट होतो. हेच संकलन. कोणत्या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या म्हणजे पाहणाऱ्याला तिसरी कळेल, हे ओळखण्यात त्याचे सारे कसब आहे.

यंत्रमागाच्या कारखान्यात अडचण आवाजाची. तिथे उभे राहून बापाची मुलाखत घेतली तर शब्दही ऐकू येणार नाही. म्हणून बोलणे बाहेर, शांत खोलीत रेकॉर्ड करावे. धोटा, कांडी, बीम यांची दृश्ये वेगळी घ्यावीत. मग सॉफ्टवेअरमध्ये दृश्य मागाचे आणि आवाज बापाचा अशी जोडणी करावी, खाली मागाचा खडखडाट अगदी हलका ठेवावा. प्रत्येक दृश्य घेताना मोबाईल आडवा धरावा आणि निदान दहा सेकंद हलवू नये. पाच मिनिटांच्या फिल्ममध्ये पंचवीस-तीस दृश्ये पुरतात. आधी कागदावर त्यांची यादी करावी. यादीशिवाय चित्रीकरणाला जाणे म्हणजे माप न घेता कापड कापणे होय.

नावे व शीर्षके मराठीत किंवा उर्दूत टाकायची असतील तर पहिल्याच दिवशी एक ओळ टाकून पाहावी. काही सॉफ्टवेअरमध्ये जोडाक्षरे तुटतात, उर्दू अक्षरे सुटी पडतात किंवा उलट्या क्रमाने येतात. हे शेवटच्या रात्री लक्षात आले तर धावपळ होते.

या ठिकाणी दोन शंका हमखास येतात आणि दोन्ही रास्त आहेत. पहिली घरातल्या स्त्रियांची. जरी, भरतकाम, शिलाई यांत घरी बसून काम करणाऱ्या भगिनींचा वाटा मोठा आहे आणि त्यांतील अनेकींना कॅमेऱ्यासमोर यायचे नसते. त्यांना आधी विचारावे आणि नकार दिला तर तो पाळावा. परंतु फक्त हात आणि सुई दाखवली तरी काम पूर्ण कळते. चेहरा न दाखवता, आवाजही दुसऱ्याचा देऊन, त्यांच्या कसबाची नोंद होऊ शकते. ती व्हावी, कारण हिशेबाच्या वहीत त्यांचे नाव सहसा नसते.

दुसरी शंका धंद्याच्या गुपिताची. नवी डिझाइन बाजारात जाण्यापूर्वी बाहेर फुटली तर नुकसान होते, हे खरे. म्हणून काय दाखवायचे आणि काय झाकायचे हे बापाने मुलासोबत बसून ठरवावे. कापून टाकण्याचा अधिकार संकलन करणाऱ्याच्या हाती असतो, दुकानदाराच्या हाती दिलेल्या कामात तो आपल्याकडे राहत नाही. गुपित सांभाळायचे असेल तर जोडकाम घरच्या माणसाला आले पाहिजे, हाच त्याचा अर्थ झाला.

डिस्कचे काम अजून संपलेले नाही

नव्या लॅपटॉपमध्ये डिस्कची खाच राहिलेली नाही, मग डीव्हीडी शिकून काय करायचे, असे कोणी म्हणेल. त्याचा धंदा पूर्वीसारखा राहिला नाही, हे आम्हीही जाणतो. परंतु जिथे प्रकल्पाच्या प्रतीसोबत डिस्क मागितली जाते, जिथे वडीलधाऱ्यांच्या घरी जुना डीव्हीडी प्लेयरच आहे, जिथे लग्नाच्या जुन्या कॅसेटी नव्याने उतरवून द्यायच्या आहेत, तिथे हे काम लागते. आणि लागते तेव्हा ते अर्धवट शिकलेल्या माणसाकडून बिघडते.

सर्वांत मोठा घोटाळा असा होतो. मुलगा तयार व्हिडिओची फाईल कोऱ्या डिस्कवर राइट करतो. ती कॉम्प्युटरवर चालते, पण जुन्या प्लेयरमध्ये घातली की काहीच दिसत नाही. कारण ती डिस्क म्हणजे फायली ठेवलेली पेटी झाली, व्हिडिओ डीव्हीडी नव्हे. प्लेयरला 'व्हिडिओ टीएस' नावाचे फोल्डर आणि त्यात एमपेग-२ पद्धतीने बांधलेले चित्र लागते. 'डीव्हीडी स्टायलर' या मोफत सॉफ्टवेअरमध्ये हे बांधकाम होते. पहिल्या पानावर मेनू करता येतो आणि प्रकरणे पाडता येतात, म्हणजे पाहणारा थेट 'जवारी' किंवा 'नक्षी' यावर जाऊ शकतो. मेनू करताना मुलाला आपल्या विषयाचे भाग पाडावे लागतात, हा त्यातला खरा अभ्यास.

साध्या डिस्कवर ४.७ जीबी असे लिहिलेले असते, विंडोजमध्ये ती ४.३७ दिसते. फसवणूक नाही, मोजण्याची पद्धत वेगळी आहे. चांगल्या दर्जाचे चित्र हवे असेल तर तासाभराचे काम एका डिस्कवर ठेवावे, दोन तास बसवले तर चित्राची प्रत उतरते. आपल्याकडच्या पाल पद्धतीत डीव्हीडीचे चित्र ७२० बाय ५७६ ठिपक्यांचे आणि सेकंदाला २५ चौकटींचे असते. मोबाईलचे फुल एचडी चित्र १९२० बाय १०८० चे. हिशेब केला तर डीव्हीडीत त्याचा बरोबर पाचवा हिस्साच ठिपके उरतात. म्हणून शीर्षकाची अक्षरे मोठी ठेवावीत आणि ती कडेला चिकटवू नयेत, जुन्या टीव्हीवर कडा कापल्या जातात.

डिस्क राइट झाल्यावर 'फायनलाइज' केल्याशिवाय काढू नये. वर नाव लिहायचे तर डिस्कसाठीचा मार्कर वापरावा, बॉलपेनने दाबून लिहू नये. डिस्क उन्हात ठेवू नये. आणि देण्यापूर्वी आपल्या नव्हे, दुसऱ्याच्या यंत्रावर ती चालवून पाहावी. माल दुकानाबाहेर जाण्यापूर्वी तपासण्याची ही शिस्त व्यापाऱ्याच्या मुलाला नवी वाटू नये. डिस्कही कायमची नसते, तेव्हा एक प्रत हार्ड डिस्कवर वेगळी ठेवावी.

दुकानदार बांधवांस

आता शेवटची आणि जरा अवघड गोष्ट. विकतचे प्रकल्प तयार करून देणारे अनेक दुकानदार हे आपलेच बांधव आहेत आणि या पानाचे वाचकही असतील. हंगामातली ही कमाई सोडा, असे सांगणे आम्हांला सोपे आहे, सोडणे त्यांना सोपे नाही. दुकानाचे भाडे आणि विजेचे बिल कोणी माफ करत नाही. तरीही त्यांनी थोडा हिशेब करावा.

तयार प्रकल्पाचे गिऱ्हाईक वर्षातून एकदा येते आणि भाव पाडूनच मागते. शेजारच्या दुकानाने थोडे कमी घेतले की ते तिकडे जाते. शिवाय लिहून दिले की चित्र जोडणारी यंत्रेही आता निघाली आहेत. गूगलवरची चित्रे आणि तयार आवाज जोडून केलेला व्हिडिओ ते यंत्र दुकानदाराहून स्वस्तात करून देईल. त्या मालाचा धंदा फार दिवस चालणार नाही. पण बापाच्या कारखान्यात कोणता क्षण टिपायचा, तुटलेला धागा सांधणाऱ्या बोटांवर किती सेकंद थांबायचे, हे त्या यंत्राला कारखान्यात नेऊन कोणी दाखवलेले नाही. ते माणसानेच माणसाला शिकवायचे आहे.

म्हणून आमची सूचना अशी. त्याच दुकानात, त्याच कॉम्प्युटरवर, प्रकल्प विकण्याऐवजी तास विकावेत. दहा संध्याकाळ, रोज एक तास, चार मुलांची तुकडी. पहिले दोन दिवस यादी आणि चित्रीकरण, पुढचे चार दिवस कापणे-जोडणे, दोन दिवस आवाज आणि शीर्षके, एक दिवस एक्स्पोर्ट आणि डिस्क, शेवटच्या दिवशी सर्वांनी मिळून एकमेकांचे काम पाहणे. मुलाच्या हातातला माऊस दुकानदाराने घ्यायचा नाही, हा एकच नियम. हे शिक्षण झालेला मुलगा पुढच्या वर्षी धाकट्या भावाला घेऊन येतो, बापाच्या मालाचा व्हिडिओ करायला येतो, जुन्या कॅसेटी उतरवायला येतो. एका हंगामाचे गिऱ्हाईक बारमाही होते.

हे काम मोठ्या प्रमाणावरही होऊ शकते. केरळ सरकारने २०१८ साली सरकारी व अनुदानित शाळांत 'लिटल काइट्स' नावाची विद्यार्थ्यांची मंडळे सुरू केली. तिथली शाळकरी मुले मुक्त सॉफ्टवेअरवर अॅनिमेशन, कॅमेरा, संकलन अशा गोष्टी शिकतात. आपल्या वस्त्यांतील शाळांच्या संस्थाचालकांनी, आणि त्यांत व्यापारी बरेच असतात, शाळेची कॉम्प्युटरची खोली संध्याकाळी दोन तास उघडी ठेवली तरी सुरुवात होईल. सॉफ्टवेअरवर एक रुपयाही खर्च नाही.

शिक्षकांनीही थोडी साथ द्यावी. प्रकल्प जमा करून घेताना मुलाला दोनच प्रश्न विचारावेत : यातला कोणता तुकडा तू गाळलास, आणि का गाळलास? ज्याने स्वतः काम केले तो लगेच उत्तर देईल. ज्याने विकत आणले तो दुकानदाराचे नाव सांगेल.

आपल्या धंद्यांतील कितीतरी कसबे उस्तादांच्या हातांतच राहिली आणि हातांसोबतच गेली. ती लिहून ठेवणारे आपल्यात कमी होते. आता लिहिण्याइतकेच टिपून ठेवणेही शक्य झाले आहे आणि ते काम मुले शाळेच्या निमित्ताने करू शकतात. येत्या हंगामात मुलाने 'अब्बा, प्रोजेक्टसाठी पैसे द्या' म्हटले तर बापाने पैशांऐवजी त्याला एक संध्याकाळ द्यावी, कारखान्याचा दिवा लावावा आणि म्हणावे, 'बस, आधी हे टिप.'